रेट नंतर सांगा, आधी फरशीखाली काय आहे ते बघा



टाइल्सच्या कामावरचा आपला मागचा व्हिडिओ आला, तेव्हापासून दुकानात येणारी नवीन मुलं एकच प्रश्न विचारतात: "सर, नाशिकमध्ये फरशी बसवायचा रेट काय लावायचा?" कोणी आयटीआय करून आलेला असतो, कोणी वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलेला असतो, कोणाला नोकरी सोडून लेबर कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं असतं. प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की, ज्या जमिनीवर तुम्ही काम घेताय, तिच्या खाली काय आहे?

माझं मत सरळ सांगतो. नवीन बिल्डिंगमध्ये स्क्वेअर फुटाच्या रेटवर काम घ्या, काही हरकत नाही. पण जुन्या घराचं काम असेल तर आधी तपासणी करा, त्या तपासणीचे वेगळे पैसे घ्या आणि मगच रेट सांगा. आणि तपासणीत दिसलं की इथे फरशी बसवणं बरोबर नाही, तर काम सोडायची तयारी ठेवा. ज्याला हे जमलं तो या धंद्यात टिकेल.

आधी आकडे बघू

हिशोबासाठी आकडे धरून चालू, तुमच्या भागातले आकडे तुम्ही टाका. तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, लिफ्ट नाही, ६०० स्क्वेअर फुटांचं काम. मजुरी ३० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. एक मिस्त्री आणि एक बिगारी मिळून रोजचे १,६०० रुपये. आठ दिवस लागले तर १२,८०० गेले. हातात ५,२०० राहिले. कागदावर छान दिसतं.

आता जुनी फरशी ठोकून बघितली तर अर्धी पोकळ. ती काढावी लागली. तीन दिवस वाढले, म्हणजे ४,८०० रुपये. राडारोडा जिन्याने खाली उतरवला, टेम्पोच्या दोन खेपा झाल्या, त्याचे ३,०००. एकूण ७,८०० जादा. तुमचे ५,२०० तर गेलेच, वर २,६०० खिशातून गेले. ग्राहकाकडे जादा मागायला गेलात की तो म्हणणार, "अहो दादा, तुम्हीच तर रेट फिक्स सांगितला होता." आणि त्याचं बरोबरच आहे.

हे नुकसान मिस्त्रीच्या हाताचं नाही, सगळं न बघता दिलेल्या रेटचं आहे.

नाशिकची जुनी घरं म्हणजे तीन वेगळे धंदे

बाहेरच्या माणसाला नाशिक सपाट वाटतं. पण जुनं गाव टेकड्यांवर वसलेलं आहे. "नवशिखर" यावरून नाशिक नाव पडलं असंही सांगतात. डिंगरअळी, म्हसरूळ टेक या बाजूला गेलात की रस्ता चढतो, उतरतो आणि घरंही त्याच चढावर उभी आहेत. एका गल्लीतून तळमजला वाटतो तो मागच्या गल्लीतून पहिला मजला असतो.

अशा वाड्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, खालच्या खोलीत ओल कुठून येते. पावसाळ्यात चढावरचं पाणी मागच्या भिंतीतून आणि जोत्यातून झिरपत येतं. जुन्या मंडळींनी तिथे शहाबादी फरशी टाकली होती, सांधे मोकळे होते, ओल हळूहळू बाहेर पडायची. तुम्ही त्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवून सगळं बंद केलंत की ओल जाणार कुठे? ती भिंतीत चढते. पुढच्या पावसाळ्यात फूटभर लोणा लागतो, रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि फोन तुम्हालाच येतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, ती म्हणजे वरच्या मजल्याचं वजन. वाड्याचा वरचा मजला बहुतेक वेळा कडीपाटाचा असतो: लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती-चुना. १० बाय १२ फुटांची खोली घ्या. तिथे २ इंच वाळू-सिमेंटचा माल टाकला तर नुसत्या मालाचं वजन साधारण अकराशे-बाराशे किलो होतं. वर टाइल्स वेगळ्या. म्हणजे शंभर वर्षांच्या लाकडावर तुम्ही एक छोटी कार कायमची उभी करताय. त्या लाकडाची टोकं भिंतीत दडलेली असतात आणि वाळवी-ओल तिथेच आधी लागते. नाशिकमध्ये पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंती आणि मजले कोसळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस असलेल्या घरात "सजावट" म्हणून फरशीचं काम घेऊ नका. तिथे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सिडकोतली जुनी घरं, रो-हाउस आणि तळमजल्याची बैठी घरं. इथे खाली स्लॅब नसतो, भराव असतो. भराव नीट ठोकलेला नसेल तर वर्षानुवर्षं बसत जातो आणि फरशीला खोलगट भाग येतो. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमीन वरखाली होत राहते. अशा ठिकाणी फुटलेल्या चार टाइल्स बदलून उपयोग नाही. तेवढी जागा खोदून, भराव ओला करून ठोकून, वर काँक्रीटचा कोबा करून मगच फरशी.

तिसरा प्रकार म्हणजे कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर भागातली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची अपार्टमेंट्स. इथे स्लॅब असतो, त्यामुळे वजनाची भीती कमी. पण खालच्या फ्लॅटचं छत म्हणजे तुमची फरशी. बाथरूम फोडताना जुनं वॉटरप्रूफिंग तुटलं की खालच्या काकूंच्या बेडरूममध्ये पाणी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. सभासद तो खर्च तुमच्याकडून वसूल करायला बघणार, हे लिहून ठेवा.

तीन प्रकार, तीन वेगळी कामं. एकच रेट कसा चालेल?

टाइल्स "उडतात" का?

हिवाळ्यात हमखास येणारी तक्रार: "रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि हॉलच्या मधल्या टाइल्स तंबूसारख्या वर आल्या." लोक म्हणतात कंपनीचा माल खराब. बहुतेक वेळा माल ठीक असतो.

कारण समजून घ्या, कारण हेच तुम्हाला ग्राहकाला समजावून सांगायचं आहे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही. तिची पाणी शोषायची क्षमता अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाला तिला धरून ठेवता येत नाही. वर टाइलला टाइल चिकटवून बसवली, मध्ये फट नाही, भिंतीकडेही फट नाही. आता स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा आकसतो, टाइल उन्हात फुगते. आपल्याकडे तर निफाडचा पारा थंडीत पार खाली जातो आणि दुपारी ऊन कडक. हा ताण साठत जातो आणि एक दिवस जिथे पकड सगळ्यात कमी, तिथून टाइल्स उठतात.

उपाय महाग नाहीत. २-३ मिलीमीटरचे स्पेसर वापरा. भिंतीकडेने बोटभर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. मोठ्या हॉलमध्ये मध्ये एक लवचीक सांधा द्या. टाइल अ‍ॅडेसिव्ह घेताना पिशवीवर आयएस १५४७७ आहे का बघा, टाइल अ‍ॅडेसिव्हसाठीचं ते भारतीय मानक आहे. आणि चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबू नका, पूर्ण पाठीला अ‍ॅडेसिव्ह लागलं पाहिजे. बसवलेली एक टाइल लगेच उचलून पाठ बघा, ग्राहकालाही दाखवा. दोन मिनिटांत तुमच्यावरचा विश्वास दुप्पट होतो.

तपासणी म्हणजे नक्की काय करायचं?

फार मोठी मशिनरी लागत नाही. एक-दोन तासांचं काम आहे, आणि ओलीसाठी एक रात्र.

१. ठोकून बघा. लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोका. पोकळ आवाज आला की खडूने फुली मारा. शेवटी फुल्या मोजा आणि फोटो काढा.

२. लेव्हल बघा. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याची नळी आहेच. बाथरूम आणि बाल्कनीत उतार कुठे जातो ते पाणी टाकून बघा.

३. ओल बघा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले की खालून ओल येतेय.

४. भेगा बघा. भेगेवर सिमेंटची छोटी पट्टी लावून तारीख लिहा. काही आठवड्यांनी पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. मग ते काम आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

५. उंची बघा. जुन्या फरशीवर नवीन बसवायची असेल तर जमीन साधारण १५ मिलीमीटर वर येते. दारं घासतील का? बाथरूमचं पाणी बाहेर येईल का? उंबरा, ओटा, ड्रॉवर, सगळं मोजा.

६. इतिहास विचारा. घर किती वर्षांचं? गळती कधी झाली? नदीकाठी असेल तर २००८ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? आपल्याकडे दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतात. त्या भागातल्या आजींना विचारलं तर बोट दाखवून भिंतीवरची खूण सांगतील. ती माहिती कुठल्याच मशिनमध्ये मिळत नाही.

हे सगळं एका पानावर लिहा, फोटो जोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. याची फी घ्या. पाचशे घ्या, हजार घ्या, काम मिळालं तर बिलातून वजा करा. पण घ्या.

"नाशिकचा ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही"

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. मला ते पटत नाही. आपला निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार खत टाकायच्या आधी देठ परीक्षण करतो, पाणी परीक्षण करतो आणि त्याचे पैसे देतो. का देतो? कारण चुकीचं खत टाकलं तर हंगाम जातो हे त्याला माहीत आहे. नाशिकच्या माणसाला परीक्षणाची किंमत कळते. फरशीच्या बाबतीत त्याला ती कोणी सांगितलेलीच नाही, कारण आपण सगळे दारात उभं राहून रेट सांगत आलो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. नवीन मुलाचं नाव नसतं. शेजारचा मिस्त्री फुकट बघून जातो. तुम्ही फी मागितली की काही ग्राहक नक्की जातील. ते मान्य करून चाला. पहिल्या काही कामांना फी घेऊ नका वाटलं तर घेऊ नका, पण लेखी रिपोर्ट द्याच, आणि त्यावर फीची रक्कम लिहून "सवलत" म्हणून वजा दाखवा. म्हणजे ग्राहकाला कळतं की याला किंमत आहे. आणि जे ग्राहक केवळ पाचशे रुपयांसाठी जातात, ते पुढे राडारोड्याच्या टेम्पोवरूनही भांडले असते.

न विकण्याची हिंमत

आता एक गोष्ट सांगतो, जी टाइल्सच्या दुकानदाराने सांगू नये असं माझे काही दुकानदार मित्र म्हणतात. जुन्या घरातली चांगली मोझॅक फरशी फोडू नका. तिच्यात सिमेंटबरोबर संगमरवराचे बारीक तुकडे असतात. वरचा थर घासला की खालून पुन्हा तोच रंग निघतो. पॉलिश मशिनने जाड ते बारीक दगड लावून घासा, छिद्रं त्याच रंगाच्या सिमेंटने भरा, पुन्हा पॉलिश करा. धूळ-चिखल होतो, पण राडारोडा नाही, टाइल्सचा खर्च नाही, जमिनीची उंची वाढत नाही. नक्षीच्या सिमेंट टाइल्सही तशाच. मुंबईत १९२२ मध्ये स्वदेशीच्या काळात सुरू झालेली भारत टाइल्स आजही हातांनी अशा टाइल्स बनवते आणि लोक आवडीने घेतात. म्हणजे ज्या वस्तूला आज बाजारात भाव आहे, तीच आपण घणाने फोडून टेम्पोत भरतोय.

माझ्या दुकानाचा यात तोटा नाही का? त्या दिवशी आहे. सहाशे फुटांचा माल विकला गेला नाही. पण त्या घरातून पुढे बाथरूमच्या टाइल्स, भावाचा नवीन फ्लॅट, ऑफिसातल्या मित्राचं काम येतं. "यांनी खर्च वाचवला" अशी ओळख जाहिरातीने मिळत नाही. पॉलिश आणि दुरुस्तीचं काम करणारे चांगले लोक कमी आहेत, नवीन बसवणारे ढीगभर आहेत. गर्दी कुठे कमी आहे ते बघा.

कागदपत्रं, थोडक्यात पण नक्की

इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं. ते झालंय का, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

वाड्यात भाडेकरू काम देत असेल तर मालकाची लेखी परवानगी बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बदल करणं हे घर खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. तुमच्या फरशीमुळे कोणाचं घर जायला नको.

फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे ठेवायचा, हे आधी ठरवा. बाथरूमला टाइल लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या फ्लॅटवाल्यांना बोलावून छत दाखवा. त्याचा व्हिडिओ काढा.

कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: जुनी फरशी काढणं, राडारोडा वाहतूक, नवीन बसवणं. चौथी ओळ: "फरशी काढल्यावर खाली ओल, पोकळ भराव किंवा भेगा निघाल्यास जादा कामाचा दर असा असा." ही एक ओळ तुमचं वर्ष वाचवेल.

जीएसटीचं सांगायचं तर मालासकट काम घेतलं की ते वर्क्स काँट्रॅक्ट म्हणजे सेवा धरली जाते आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, ४० लाखांची नाही. सीएला एकदा विचारा.

हाताने काम करणारे असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. त्यातल्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. चांगला वेट कटर घ्या. कोरडं कापल्यावर उडणारी बारीक धूळ छातीत बसते आणि निघत नाही. मास्क आणि पाणी यात काटकसर करू नका.

आत्ताच हे का सांगतोय?

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. पंचवटी आणि जुन्या नाशकात लोक खोल्या नीट करून घेणार, पाहुणे येणार, कोणी यात्रेकरूंना खोल्या देणार. प्रत्येकाला घाई असणार. "लवकर टाकून द्या, वरच्यावर बसवा" हे वाक्य तुम्ही वारंवार ऐकाल. घाईत काम भरपूर मिळतं आणि घाईतच कडीपाटावर दोन इंच माल पडतो. त्या खोलीत दहा माणसं झोपणार आहेत, हे लक्षात ठेवा.

पर्वणी संपली की गर्दी जाईल. तुम्ही मात्र याच गावात राहणार, याच रस्त्यांवरून जाणार. तीन वर्षांनी तुम्ही बसवलेली फरशी जागेवर असेल तर तेच तुमचं दुकान, तीच तुमची पाटी.

तर या आठवड्याचं काम: स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. एक लाकडी दांडा आणि खडू घ्या, सगळी फरशी ठोका, फुल्या मारा, एका पानाचा रिपोर्ट लिहा. मग शेजारच्या काकांच्या घराचा लिहा. पाच रिपोर्ट झाले की सहाव्या घरात जाताना फी सांगायला जीभ अडखळणार नाही.

रिपोर्टचा नमुना कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. भेटूया!